चिलखत आणि देह : शकुंतला कुलकर्णी यांच्या वेतशिल्पांचा ऐतिहासिक विचार

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने तिसगावाकडे निघाले असता शहर मागे पडल्यावर एका उंच डोंगरावर तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसू लागते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर होय. चांदबिबीच्या निवासाशी तिचा संबंध नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यास अशी चूक दुरुस्त करण्याची घाई असते आणि ते योग्यही आहे. परंतु परिसरातील सर्वांत उंच वास्तूला लोकस्मृतीने त्याच स्त्रीचे नाव का द्यावे, हा प्रश्न दुरुस्तीनंतरही उरतो. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून नगरच्या किल्ल्याचा तट पाडला, तेव्हा चांदबिबी अंगावर चिलखत चढवून, चेहऱ्यावर बुरखा घेऊन, हाती उपसलेली तलवार धरून खिंडारापाशी उभी राहिली, ही कथा इतिहासग्रंथांपासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र सांगितली जाते. तीतील शौर्याचे वर्णन पुष्कळ झाले आहे. त्या कथेत एकाच देहावर दोन आवरणे आहेत, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. चिलखत शत्रूच्या शस्त्रापासून रक्षण करण्यासाठी, तर बुरखा स्वकीयांच्या दृष्टीपासून झाकण्यासाठी. यांपैकी रक्षण कोणते आणि बंधन कोणते, हे त्या स्त्रीखेरीज अन्य कोणी सांगू शकले नसते, आणि तिचे म्हणणे कोणी लिहून ठेवलेले नाही.

रक्षण आणि बंधन यांचा हाच संबंध आपल्या काळात एका स्त्री-कलावंताने स्वतःच्या देहाच्या मापाने मांडून दाखविला आहे. श्रीमती शकुंतला कुलकर्णी यांचा जन्म १९५० साली धारवाड येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि मुंबई हीच त्यांची कर्मभूमी ठरली. आरंभ चित्रकलेतून झाला. पुढे काच, माती, रंगभूमी, चलत्‌चित्र अशी माध्यमे त्यांनी हाताळली. २०१० ते २०१२ या काळात त्यांनी वेताची चिलखते तयार केली आणि २०१२ मध्ये ती मुंबईच्या केमोल्ड प्रेस्कॉट रोड या कलादालनात ‘ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस’ या नावाने मांडली. देह, चिलखते आणि पिंजरे असा त्या नावाचा अर्थ. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः ही चिलखते हाच आहे. महाराष्ट्रातील शिल्पेतिहासात त्यांचे स्थान कोठे लागते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नगर जिल्ह्यातच काय, सबंध दख्खनमध्ये गावाच्या वेशीजवळ किंवा देवळाच्या आवारात दोन प्रकारचे स्मारकशिलाखंड आढळतात. वीरगळावर लढणारा पुरुष संपूर्ण देहानिशी कोरलेला असतो : खाली युद्धप्रसंग, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा. सतीशिळेवर बहुधा कोपरात वाकलेला एक हात असतो, मनगटात बांगड्या, तळवा उघडा, वर चंद्रसूर्य. सामान्य घरातील स्त्रीचे ग्रामीण शिल्पातील हे बहुधा सर्वांत विपुल चित्रण असेल, आणि त्यात तिच्या देहाचा एवढाच अवयव शिल्लक राहिला आहे. दुसऱ्या टोकाला मंदिरांच्या बाह्यांगावरील सुरसुंदरी आहेत. मार्कंडीच्या देवळावर त्या पाहाव्यात. आरशात पाहणारी, पायातला काटा काढणारी, पैंजण बांधणारी अशा त्यांच्या ठेवणी आहेत. क्रिया रोजच्या जीवनातल्या, पण देह कोणाही स्त्रीचा नव्हे. तो शास्त्रातील तालमानाने घडविलेला आहे. एकीकडे हात उरला, दुसरीकडे आदर्श आकृती उरली. माप दोन्हीकडे दुसऱ्याचेच.

आधुनिक काळातही ही परिस्थिती एकदम पालटली नाही. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, १८९६ च्या सुमारास, घडविलेल्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाने मराठी समाजाला आपल्या घरातील स्त्री प्रथमच कलाकृतीत दिसली, असे म्हणावयास हरकत नाही. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ही तरुणी लुगडे नेसलेली आहे. लुगड्याच्या चुण्यांतून ग्रीक मूर्तींचे संस्कारही स्पष्ट दिसतात. रवींद्रनाथांनी १८९८ साली या शिल्पावर लिहिले, यावरून त्याचा बोलबाला किती दूर पोहोचला होता ते कळते. विनायकराव करमरकरांनी (१८९१-१९६७) तर अलिबागजवळच्या सासवने या आपल्या गावी भोवतालच्या कष्टकरी माणसांनाच शिल्पांत उतरविले. त्यांतील स्त्रियांच्या आकृतींतली आत्मीयता आजही जाणवते. म्हात्रे किंवा करमरकर यांच्या दृष्टीत कोठेही हीनता नाही. तथापि ती दृष्टी समोर उभे राहून पाहणाऱ्याची आहे. पूजेचे तबक धरून हात किती वेळ अवघडतो, डोईवरची पाटी मानेला कोठे रुतते, हे बाहेरून पाहून घडविणाऱ्याला अनुमानानेच ठरवावे लागते.

स्त्रिया शिल्पकलेत उशिरा आल्या. चित्रकलेत अंबिका धुरंधर यांच्यासारख्या विद्यार्थिनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कलाशाळेतून शिकून बाहेर पडल्या होत्या. पण चित्रकला घरी बसून करता येते. शिल्पाला जागा, भट्टी, लोखंड, ओझी उचलणारी माणसे आणि ती जमविण्यासाठी घराबाहेरचा वावर लागतो. या अडचणीला पैलू पिल्लू पोचखानवाला यांच्या चरित्रात दिसतो. त्यांचा जन्म १९२३ सालचा. वाणिज्यशाखेची पदवी घेऊन त्या जाहिरातक्षेत्रात काम करीत होत्या. १९५१ च्या युरोपप्रवासानंतर त्या शिल्पकलेकडे वळल्या आणि ना. ग. पानसरे यांच्याकडे शिकल्या. आरंभीच्या त्यांच्या लाकडी व इतर शिल्पांत स्त्रीदेह आहे. पुढे भंगारातील लोखंड व ओतीव ॲल्युमिनियम यांतून आकार अमूर्त होत गेले. त्यांनी देह सोडला याचे कारण काय असावे? मला वाटते, त्या पिढीतील स्त्री-शिल्पकारास ‘बाईचे काम’ हा शिक्का टाळण्यासाठी धातू आणि अमूर्तता यांचा आश्रय घेणे सोयीचे वाटले असावे. हे अनुमान आहे. हाजी अली येथील चौकात उभे असलेले त्यांचे ‘स्पार्क’ हे शिल्प पुढे काढून टाकण्यात आले, आणि मुंबईच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय व्हावे म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत त्या होत्या, तरी ते १९९६ मध्ये उघडले तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

आता श्रीमती कुलकर्णी यांच्या चिलखतांकडे वळू. वेतकामाची रीत अशी की, जाड वेताला आच देऊन मऊ करतात, हवा तसा बाक देतात व त्याचा सांगाडा उभा करतात. मग सांध्यांवर चिरलेल्या वेताची पातळ पट्टी ओलसर असताना घट्ट गुंडाळतात. ती वाळली की सांधा आवळतो. खुर्ची, पाळणा, टोपली या सर्वांची जुळणी याच तत्त्वावर होते. श्रीमती कुलकर्णी यांनी हे काम वेतकाम जाणणाऱ्या कारागिरांबरोबर केले, पण खुर्चीसाठी जसे ठरीव माप असते तसे येथे नव्हते. माप होते ते स्वतः कलावंताच्या देहाचे, साठीत पोहोचलेल्या एका स्त्रीच्या खांद्यांचे, छातीचे, कमरेचे आणि पोटऱ्यांचे. या एका गोष्टीने शिल्पकाराचे नेहमीचे नाते उलटे झाले. मंदिरपथगामिनीसमोर नमुना वेगळा आणि कर्ता वेगळा. येथे नमुना, कर्ता आणि पुढे ते अंगावर वागविणारी व्यक्ती एकच आहे.

चिलखतांचे आकार पाहिले म्हणजे अनेक देशांच्या युद्धवेषांची आठवण होते. जपानी सामुराईंचा वेष सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतो. त्याचबरोबर दागिन्यांचीही आठवण होते. गळ्याभोवतीची रुंद कडी, कानांवरून फाकलेले पंख, मस्तकावरचा उंच मुकुट हे शिरस्त्राण म्हणावे की शिरोभूषण? मराठी वाचकास हा संभ्रम अपरिचित वाटू नये. वाकी, बाजूबंद, तोडे, गोठ हे अलंकार ज्या अवयवांवर बसतात, नेमके त्याच अवयवांवर योद्ध्याची कवचपट्टी बसते. शिवाय कवच हा शब्दच आपल्या घराघरांत नवरात्रात वेगळ्या अर्थाने ऐकू येतो. देवीकवचाच्या पाठात मस्तकापासून पायांपर्यंत अवयवांची नावे घेऊन प्रत्येकाचे रक्षण देवीच्या एकेका रूपाकडे सोपविलेले असते. देहाची एवढी बारकाईची यादी दुसऱ्या कोणत्या नित्यपाठात क्वचितच सापडेल. श्रीमती कुलकर्णी यांनी चिलखते या पाठावरून घडविली असा माझा दावा नाही. मात्र ज्या संस्कृतीत रक्षण म्हटले की अवयवांची मोजदाद आठवते, त्या संस्कृतीत ही शिल्पे उमजण्यास टीप लागत नाही.

त्यांचा प्रश्न रोजच्या जीवनातून आलेला आहे. रस्त्यावर, गाडीत, घरात स्त्रीच्या देहावर होणारे आक्रमण, आणि ते टाळण्यासाठी तिने स्वतःभोवती घालून घ्यावयाची कुंपणे. यावरचे सरळ उत्तर म्हणजे चिलखत. परंतु ते अंगावर चढवून पाहिल्यावर दुसरी बाजू प्रत्ययास येते. वेत वजनाने हलका असला तरी तो ताठ असतो. मान वळत नाही, हात अंगालगत येत नाहीत, बसावयाचे म्हटले तरी विचार करावा लागतो. शिवाय विणीच्या फटींतून देह दिसतच राहतो; म्हणजे झाकण्याचे काम होत नाही आणि कोंडण्याचे होते. लोखंडी चिलखताऐवजी वेत निवडण्यातील मर्म मला येथे दिसते. लोखंडात रक्षणाचा भास टिकला असता. वेताच्या जाळीत चिलखत आणि पिंजरा यांच्यामध्ये एका विणीचेही अंतर राहात नाही. शाळेत छडी म्हणून वापरलेला वेतही वाचकास आठवेल. शिस्तीचे ते साधन आणि हे रक्षणाचे साधन एकाच झाडाचे.

ही चिलखते घालून त्या मुंबईच्या सार्वजनिक जागी उभ्या राहिल्या व त्या प्रसंगांची छायाचित्रे घेण्यात आली. दालनात रिकामी उभी असलेली चिलखते पाहणाऱ्यास जे कळत नाही ते या छायाचित्रांत कळते. शहराच्या मोकळ्या जागी, नेहमीच्या वर्दळीच्या पार्श्वभूमीवर, ही एकटी वेतवेष्टित स्त्री राणीसारखी दिसते, आणि दुसऱ्याच क्षणी अडकून पडलेल्या पाखरासारखी. पुढे ‘जुलूस’ या चलत्‌चित्र-रचनेत त्यांनी स्वतःचीच प्रतिमा अनेकपट केली. एकाच देहाची जणू पलटण चालू लागली. एकटेपणाचे उत्तर संख्येत शोधण्याचा हा प्रयत्न. तो मला छायाचित्रांइतका परिणामकारक वाटत नाही, कारण त्या पलटणीतील प्रत्येकीचे माप तेच आहे.

ज्येष्ठ अभ्यासकांकडून एक आक्षेप अपेक्षित आहे : याला शिल्प म्हणावे काय? ज्याला घडविणारे हात कारागिरांचे, ज्याचे माध्यम टोपलीचे, आणि ज्याचा अर्थ अंगावर घातल्यावाचून पुरा होत नाही, त्याला वेषभूषा किंवा नाट्यसाहित्य का म्हणू नये? याचे एक उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. संस्कृतात शिल्प या शब्दाची व्याप्ती सर्व हस्तकौशल्यांना कवेत घेण्याइतकी मोठी होती; विणकर, सुतार, कासार हे सारे शिल्पी. दगड आणि धातू यांपुरता तो शब्द आखडला तो बहुतांशी कलाशाळांच्या वर्गवारीमुळे. दुसरे उत्तर समकालीन उदाहरणांत आहे. मुंबईत १९४९ मध्ये जन्मलेल्या आणि २०१५ मध्ये निवर्तलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी रंगविलेल्या तागाच्या दोरांच्या गाठी मारून पुरुषभर उंचीच्या मूर्ती उभ्या केल्या, आणि आज त्यांना शिल्पकार म्हणण्यास कोणी कचरत नाही. जर्मनीतील रेबेका हॉर्न (१९४४-२०२४) यांनी १९७० च्या आसपास अंगावर बांधावयाची शिल्पे केली. मस्तकावर लांब शिंग बांधलेली स्त्री शेतातून चालत जाते, ही त्यांची रचना प्रसिद्ध आहे. लुई बुर्ज्वा यांनी उतारवयात केलेल्या ‘सेल्स’ या मालिकेत खोली आणि पिंजरा यांचा असाच संयोग आहे. हॉर्न यांच्या कृतींशी कुलकर्णी यांचे साम्य वरवर बरेच दिसते, पण हॉर्न यांची उपकरणे देहाला लांबवितात, अवकाशात पुढे नेतात. कुलकर्णी यांची चिलखते देहाची हद्द आखतात. हा फरक लहान नाही, आणि तो कोणत्या शहराच्या रस्त्यांवरून आला हे सांगावयास नको.

या कामाची जी मर्यादा मला जाणवते ती वेगळीच आहे. ‘स्वतःचा देह’ हा आधार जितका प्रामाणिक तितकाच तो एका देहापुरता आहे. तिसगाव ज्या पाथर्डी तालुक्यात आहे तेथून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. त्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते, हिशेब कोयत्यावर होतो. त्या बाईच्या देहाला हत्याराचे नाव मिळाले आहे, आणि तेही अर्ध्याने. मोळी बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना तिला चिलखताची गरज आहे की नाही, हा प्रश्न मुंबईतील छायाचित्रांतून सुटत नाही. कलावंताने तो सोडवावा असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. पण इतिहासकाराने एका देहाचे माप सर्वांच्या देहाला लावू नये, एवढे भान ठेवणे जरूर आहे.

या संदर्भात मुंबईच्याच नवज्योत अल्ताफ यांचे काम शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. १९४९ साली मेरठ येथे जन्मलेल्या आणि सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या या कलावंतीने १९९६ मध्ये ‘पलानीज डॉटर्स’ या काष्ठशिल्पांतून स्त्रीदेहाचा विषय हाताळला आणि नंतर त्या बस्तरमधील कोंडागाव येथे स्थानिक शिल्पकारांबरोबर काम करू लागल्या. त्यांत लाकडात कोरीव काम करणाऱ्या शांतीबाई या एक. तेथील ‘नलपार’ या उपक्रमात हातपंपाभोवतीची जागा पाणी भरणाऱ्या बायकांच्या देहाचा विचार करून नव्याने बांधली गेली. भरलेला घडा जमिनीवरून एकदम डोक्यावर घेण्याऐवजी मध्ये टेकविता यावा अशी पायरी केली, सांडपाण्याला वाट करून दिली, भिंतींवर स्थानिक चिन्हे आली. येथे देह दाखविलेला नाही. त्याचे ओझे मोजलेले आहे. कुलकर्णी यांच्या चिलखतात देह आत असतो, नलपारवर तो येतो, घडा टेकवितो आणि निघून जातो. शिल्प म्हणून चिलखत अधिक तीव्र आहे असे मी मानतो. मात्र तिसगावच्या बाजारात दोन्हींची माहिती सांगितली तर बायका कोणत्या गोष्टीबद्दल अधिक प्रश्न विचारतील, याविषयी मला शंका नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिस येथे डिओर या वस्त्रगृहाच्या प्रदर्शनासाठी श्रीमती कुलकर्णी यांच्या वेताकृती मध्यभागी उभ्या करण्यात आल्या, आणि त्यांचे नाव जगभर गेले. तेथील आकृती माणसापेक्षा मोठ्या होत्या. त्यांच्याविषयीचा अभिमान रास्त आहे. तरी मूळ चिलखतांतील कस त्यांत उतरला असे मला म्हणवत नाही. जे चिलखत कोणाच्याच अंगात बसू शकत नाही ते मूर्ती होते, आणि मग त्याच्याभोवती फिरून पाहण्यापलीकडे प्रेक्षकास काही करावयाचे उरत नाही. देहाचे माप सुटले की पिंजऱ्याची धास्तीही सुटते.

अभ्यासाच्या दृष्टीने एक अडचण तातडीची आहे. वेत टिकाऊ असला तरी अमर नाही; दमट हवेत त्याला भुंगा लागतो, कोरड्या दालनात त्याचे सांधे सैलावतात. धातूचे शिल्प शंभर वर्षांनी पाहता येईल, या चिलखतांबाबत तशी खात्री देता येत नाही. छायाचित्रे आहेत, पण त्यांत वजन दिसत नाही. आपल्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांना समकालीन विषय हाताळावयाचा असेल त्यांनी कलादालनांच्या सूचिपत्रांवर विसंबू नये. कोणत्या चिलखतासाठी कोणती मापे घेतली आणि ती कोणी टिपली, वेत कोठून आणला, कोणत्या कारागिराने कोणता सांधा सुचविला, चिलखत चढवावयास किती जणांची मदत लागे आणि किती वेळ, ते घालून किती पावले चालता येत, कोणत्या दारातून ते जात नसे, ही माहिती अद्याप विचारून लिहून घेता येण्याजोगी आहे.